प्राध्यापक, प्रोजेक्टर आणि आपण

वर्गात नवे यंत्र आले की त्याच्या किमतीची चर्चा होते, उद्घाटनाचे छायाचित्र निघते. परंतु ज्यांनी ते चालवायचे त्या प्राध्यापकांनी ते केव्हा आणि कोणाकडून शिकायचे, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. नॅकची समिती येणार म्हणून प्रोजेक्टर बसतो आणि समिती गेली की त्यावर धूळ बसते, अशी थट्टा आपण विद्यार्थी करतो. मला ती परवडत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. प्रोजेक्टर सुरू करण्याच्या खटपटीत तास गेला, तर तो भरून देणारे घरी कोणी नाही.

यंत्र आणि शिक्षक यांची गाठ तशी जुनी आहे. १९७५-७६ साली ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले. प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही त्यात होते. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयांसाठीचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. या दोहोंत संच लावला की शिक्षकाचे यंत्राशी काम संपे. मार्च २०२० च्या टाळेबंदीने मात्र आयुष्यभर खडूने शिकविणाऱ्यांना काही आठवड्यांत मोबाइलसमोर बसविले. तेव्हापासून यंत्र स्वतः चालविणे हा शिकविण्याचाच भाग होऊन बसला.

अडचण कोठे येते? वयात, असे आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. इतर कोणीही नवी गोष्ट एकांतात शिकतो. प्राध्यापकांना ती साठ जोडी डोळ्यांसमोर शिकावी लागते, आणि मागच्या बाकावरचे हसू त्यांना ऐकू येते. शिवाय प्रशिक्षण म्हणजे बहुधा सभागृहातले एका दिवसाचे व्याख्यान. कळा भराभर दाबल्या जातात, पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत, आणि स्वतःच्या हाताने काही करावयाची वेळ येईपर्यंत चहा येतो!

मराठीच्या प्राध्यापकांची आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षांची टिपणे जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेली असतात. त्या पद्धतीत संगणक ‘क’ साठवीत नाही. एखाद्या इंग्रजी अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक साठवतो आणि त्यावर ‘क’चे चित्र दाखवितो. तो फॉन्ट नसलेल्या वर्गातील संगणकावर फाइल उघडली की चित्र जाते, चिन्हांचा कचरा उरतो. आपण बिघडविले, असे सरांना वाटते. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचाच क्रमांक असल्याने हा घोळ होत नाही. जुनी फाइल परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येते. जोडाक्षरे आणि रफार मात्र नंतर डोळ्यांनी तपासावेच लागतात. हे काम आपण विद्यार्थी सहज करू शकतो. टंकलेखनाचेही तसेच. ज्यांचा हात मराठी टंकयंत्रावर बसला आहे त्यांना रेमिंग्टनची मांडणी लावून द्यावी. नव्याने शिकणाऱ्यांना इनस्क्रिप्ट बरी, कारण तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ साली असे मांडले की विषयाचे, अध्यापनाचे आणि तंत्राचे ज्ञान एकमेकांत गुंतलेले असते. याचा प्रत्यय गेल्या वर्षी आम्हां तिघींना आला. आमच्या एका बाईंसोबत आम्ही चार शनिवार प्रयोगशाळेत बसलो. पहिल्या शनिवारी नुसता संगणक शिकविला, बाई कंटाळल्या. दुसऱ्या शनिवारी त्यांनीच विचारले, “पडद्यावरच्या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करता येतील का गं?” येतात, हे दिसताच त्या दीड तास उठल्या नाहीत. माऊस सतत त्यांच्याच हातात होता. आम्ही फक्त तोंडाने सांगत होतो, आणि बाईंनी प्रत्येक पायरी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतली.

हात आवरणे हेच आपल्याला जड जाते. “सर, द्या इकडे, मी करते,” म्हणून माऊस घेतला की ते काम त्या दिवसापुरते होते, आणि पुढच्या तासाला पुन्हा कोणाला तरी हाक मारावी लागते. याहून वाईट म्हणजे पासवर्ड मागून घेणे. त्यामागे हजेरी असते, अंतर्गत गुण असतात. प्राध्यापकांनी तो देऊ नये आणि आपण घेऊ नये.

वीज गेली की फळा लागतोच, तेव्हा खडू कोणी सोडावा असे माझे म्हणणे नाही. मागणी लहान आहे. गुरुवारी तीन ते चार संगणकाची खोली मोकळी असते. त्या वेळी एका प्राध्यापकांमागे एक विद्यार्थी बसावा, दार लोटलेले असावे, आणि सुरुवात मराठी विभागापासून व्हावी. जुन्या फॉन्टमधल्या टिपणांचा ढीग तेथेच सर्वांत मोठा आहे.