इंग्रजीतील कालदर्शक उभयान्वयी अव्ययांचे अध्यापन

'पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच थांब' हे वाक्य इंग्रजीत सांगावयास दिले असता पुष्कळ विद्यार्थी 'वेट हिअर अनटिल द रेन डज नॉट स्टॉप' असे म्हणतात. शिक्षक ते खोडतात, शुद्ध वाक्य फळ्यावर लिहितात व मुले ते उतरवून घेतात. आठ दिवसांनी तीच चूक पुन्हा आढळते. चुकीचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून मातृभाषेच्या रचनेत आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून ती दूर होणार नाही.

मराठीत 'तोपर्यंत'च्या मागील वाक्यात नकार येतो. इंग्रजीत 'अनटिल' हा शब्द केवळ मर्यादा दाखवितो. म्हणून तेथे नकार नको. तसेच 'बाबा येतील तेव्हा मी सांगेन' यावरून मूल 'व्हेन फादर विल कम' असे म्हणते. इंग्रजीत भविष्यकाळ मुख्य वाक्यात येतो. 'व्हेन'च्या पुढे साधा वर्तमानकाळ असतो. 'जेव्हा–तेव्हा' या जोडीमुळे 'व्हेन'नंतर 'देन' घालण्याचीही सवय लागते; तो शब्द अनावश्यक होय.

यावरील उपाय मराठीतच आहे. अनुवादापूर्वी वाक्य आटोपशीर करून घ्यावे. 'थांबत नाही तोपर्यंत' याऐवजी 'थांबेपर्यंत' म्हणताच नकार गळतो व 'अनटिल द रेन स्टॉप्स' सहज सुचते. 'येतील तेव्हा' याऐवजी 'आल्यावर' म्हणताच भविष्यकाळ गळतो व 'व्हेन फादर कम्स, आय विल टेल हिम' हे वाक्य सिद्ध होते.

पुढे फळ्यावर चार जोड्या मांडाव्यात: 'जाण्यापूर्वी' यास 'बिफोर', 'जात असताना' यास 'व्हाइल', 'जाईपर्यंत' यास 'अनटिल', 'गेल्यावर' यास 'व्हेन' किंवा 'आफ्टर'. शेवटच्या दोहोंत निवड करताना एक प्रश्न विचारावा: पहिली क्रिया पुरी झाल्यावर दुसरी झाली, हा क्रमच मुख्यतः सांगावयाचा आहे काय? असल्यास 'आफ्टर' घ्यावे. घंटा वाजताच मुले उठली, तर 'व्हेन' योग्य.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेत इंग्रजी शिकविले जाते. प्रत्येक वाक्यावर फुली पाहणारे मूल चुकणे सोडीत नाही, बोलणे मात्र सोडते. त्याची मराठी ही अडचण नसून पायरी आहे, हे ज्या वर्गात ओळखले जाते, तेथे मूल निर्भयपणे पुढचे वाक्य बोलते.