बाजार भरव, पण मोजून

चि. मुक्तास,



तिसरीला मापन शिकवायला वर्गात आठवडी बाजार भरवणार आहेस, हे वाचून आनंद झाला. पताका लाव, पाट्या रंगव, खोट्या नोटाही कर. फक्त एक पथ्य पाळ : मोजल्याशिवाय सौदा पुरा होता कामा नये. नाहीतर मुलं दिवसभर भाजी विकतील आणि मापन पुस्तकातच राहील.

पहिलं दुकान रिबिनीचं मांड. भाव ठेव, वितीला एक रुपया. विकायला बारक्या हाताचं पोर बसव, घ्यायला थोराड हाताचं पाठव. तंटा होणारच. तो मिटवायची घाई करू नकोस. ‘कुणाची वीत खरी?’ असं मुलंच विचारतील, तेव्हा मीटरपट्टी बाहेर काढ. त्या दिवशी घरचा अभ्यास एवढाच दे : आजीला शेर आणि पायलीबद्दल विचारून या. पायली गावोगाव वेगळी भरायची. देशभर एकच माप असावं म्हणून 1956 साली कायदा झाला आणि 1958पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला. रिबिनीवरून भांडलेल्या मुलांना या कायद्याची गरज वेगळी समजावावी लागत नाही.

फूटपट्टी हातात आली की बरीच मुलं 1 पासून मोजतात, काही पट्टीच्या कडेपासून. म्हणून एखाद्या दुकानात मुद्दाम तुटकी पट्टी ठेव, 3 पासून सुरू होणारी. रिबिनीचं टोक 10वर आलं तर बहुतेकजण ‘10 सेंटिमीटर’ म्हणतील. 7 कसे, हे त्यांना मधली घरं मोजून शोधू दे. लांबी म्हणजे शेवटचा आकडा नव्हे, हे तिथे पक्कं होतं.

वाण्याच्या दुकानात हँगरला दोन्ही बाजूंनी सारखी झाकणं टांगून तराजू कर. एका पारड्यात चुरमुऱ्यांची फुगलेली पुडी, दुसऱ्यात गुळाचा छोटा खडा. सरबतवाल्याकडे उंच बाटली आणि पसरट पातेलं ठेव. कशात जास्त मावतं ते एकाच पेल्याने भरून ठरवू दे. मात्र प्रत्येक वेळी आधी अंदाज पाटीवर लिहायचा, मग मोजायचं. अंदाज चुकला तर हसू नकोस, खोडायलाही लावू नकोस. अंदाज आणि माप शेजारी-शेजारी दिसले की पुढचा अंदाज जवळ येतो.

एका दिवशी एकच राशी घे. लांबी, वजन, धारकता एकदम मांडलीस तर गर्दी होईल, शिकणं नाही. रूपांतराची गणितं बाजार उठल्यावर. मीटर हाताळलेल्या मुलाला 100 सेंटिमीटर पाठ करावे लागत नाहीत.

आणि मागच्या बाकावरच्या गप्प मुलांना गिऱ्हाईक करू नकोस, दुकानदार कर. मोजायची पट्टी त्यांच्या हाती राहू दे.

तुझी,
मावशी