कार्बन प्लेटचे शूज घेताना

मुंबई मॅरेथॉनची नोंदणी झाली की रनिंग ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "कार्बन घेऊ का?" उत्तर देणारे बहुतेक जण आपल्या शूजचं नाव सांगून मोकळे होतात. पण दुसऱ्याला लाभलेला शूज आपल्याला लाभेलच असं नाही. वीस हजारांच्या घरातली ही खरेदी आहे. ती करण्याआधी आपला वेग, आपलं पाऊल आणि आपली शर्यत नीट तपासायला हवी. ते कसं करायचं, हे क्रमाने पाहू.

आधी फोमची चौकशी करा

२०१७ मध्ये नाइकीचा 'व्हेपरफ्लाय ४%' आला आणि शर्यतीच्या शूजचं सगळं गणितच बदललं. कोलोराडो विद्यापीठात झालेल्या चाचणीत तरबेज धावपटूंना त्या वेळच्या इतर रेसिंग शूजच्या तुलनेत, त्याच वेगासाठी, सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली. सगळं श्रेय कार्बन प्लेटला मिळालं. पुढे संशोधकांनी याच शूजमधली प्लेट पंजाच्या भागात आडवी कापली आणि तिचा ताठपणा घालवला. तरीही ऊर्जेच्या हिशेबात नाव घ्यावं असा फरक पडला नाही.

म्हणजे मोठा वाटा फोमचा आहे. पेबा जातीचा फोम वजनाला हलका असतो आणि दाबला गेल्यावर बरीचशी ऊर्जा परत देतो. प्लेट बोटांचे सांधे कमी वाकू देते आणि एवढ्या जाड, मऊ फोमला आवर घालते. म्हणून दुकानात 'प्लेट आहे का?' एवढंच विचारून थांबू नका, मिडसोल कशाचा आहे तेही विचारा. साध्या ईव्हीए फोममध्ये कार्बनची पट्टी घातलेले स्वस्त शूजही मिळतात. ते ताठ असतात, पण त्या ताठपणाने वेग वाढत नाही.

आपला वेग प्रामाणिकपणे पाहा

ते ४ टक्के ऊर्जेचे आहेत, वेळेचे नाहीत आणि ते वेगवान धावपटूंवर मोजलेले आहेत. २०२३ च्या एका अभ्यासात 'व्हेपरफ्लाय नेक्स्ट% २' कमी वेगावर तपासला गेला. ताशी १२ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं या वेगाला बचत सरासरी १.४ टक्के निघाली. ताशी १० किलोमीटरला, म्हणजे ६ मिनिटांच्या पेसला, ती ०.९ टक्क्यावर आली. ६ च्या पेसने हाफ मॅरेथॉन पूर्ण व्हायला दोन तास सहा मिनिटं लागतात. त्यात फार तर मिनिटभर वाचेल.

सरासरीच्या आड आणखी एक गोष्ट लपते. केनियाच्या अव्वल धावपटूंवरच्या एका अभ्यासात एकाच प्रकारच्या शूजने कुणाला सुमारे ११ टक्के फायदा झाला, तर कुणाला तेवढाच तोटा.

तेव्हा ढोबळ नियम असा ठेवा. किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आत धावत असाल, आठवड्यातून एकदा तरी टेम्पो किंवा इंटरव्हल करत असाल आणि वेळेचं ठरावीक लक्ष्य असेल, तर विचार करायला हरकत नाही. पहिलीच शर्यत असेल किंवा नुसती पूर्ण करायची असेल, तर हा पैसा राखून ठेवा.

शर्यत कोणती, रस्ता कसला?

५ आणि १० किलोमीटरसाठी जरा घट्ट बसणारा, हलका शूज चालतो. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर पाय थकून टाच डुगडुगू लागते. तिथे वजनात चार-दोन ग्रॅम जास्त असले तरी बुडाला रुंद, स्थिर शूज बरा.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारखी शर्यत असेल तर हिशेब आणखी बदलतो. यवतेश्वरच्या चढावर वेग कमी असल्याने शूजचा लाभ आटतो आणि परतीच्या उतारावर ओल्या डांबराची गाठ असते. अशा वेळी शूज उलटा करून तळाचं रबर पाहा. पंजाखाली सलग रबर आहे की चार तुकडे चिकटवून मधला फोम उघडा सोडलाय? उघडा फोम रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ओल्यात सटकतो. मुंबईच्या दमट हवेत, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी डोक्यावर पाणी ओतून घेणाऱ्यांनीही हे तपासावं.

नियमांचंही भान ठेवा. वर्ल्ड अॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि प्लेट एकच, अशी मर्यादा घातली आहे. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला येऊनही डेरारा हुरिसा बाद ठरला, कारण त्याच्या शूजचा सोल ५० मिलिमीटर जाड होता. ट्रॅकवर तर १ नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा २० मिलिमीटर आहे. म्हणजे विद्यापीठाच्या ५ हजार मीटरच्या शर्यतीला रोडचा सुपरशूज घालून उतरायचा विचार सोडा. हौशी धावकाला सहसा कुणी मोजपट्टी लावत नाही, पण बक्षिसाच्या गटात असाल तर जाडी पाहूनच घ्या.

दुकानात काय काय करायचं?

संध्याकाळी जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. धावताना घालता तेच मोजे न्या आणि रोजचे शूजही सोबत ठेवा.

प्रत्येक ब्रँडचा यूकेचा ८ नंबर सारखा नसतो. खोक्यावरचं सेंटिमीटरचं माप पाहा आणि रोजच्या शूजच्या मापाशी ताडून बघा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. करंगळीपाशी कापड ताणलं गेलं, तर तो शूज तुमच्या पंजाला अरुंद आहे. 'वापरून सैल होईल' या भरवशावर घेऊ नका, या शूजचं वरचं कापड फारसं सैलावत नाही. काहींना काही मॉडेल तळव्याच्या कमानीपाशी आतून घासतात. तिथे बोट फिरवून शिवण किंवा कड लागते का, ते पाहा.

मग नाडी नेहमीसारखी बांधा आणि आरशासमोर एका पायावर पंधरा सेकंद उभे राहा. घोटा आतल्या बाजूला कलंडत असेल, तर एकविसाव्या किलोमीटरला तो आणखी कलंडेल. दुसरं मॉडेल मागा. नुसतं चालून मत बनवू नका. चालताना हे शूज विचित्रच वाटतात, टाच डुलते आणि पुढे ढकलल्यासारखं होतं. ट्रेडमिल असेल तर दोन मिनिटं शर्यतीच्या पेसने धावा. नसेल तर दुकानाबाहेर धावू देतील का, ते विचारा.

सगळ्या प्लेटही एकसारख्या नाहीत. आदिदासच्या 'अॅडिओस प्रो'मध्ये सलग प्लेटऐवजी कार्बनयुक्त दांड्या असतात. एसिक्सने २०२१ मध्ये 'मेटास्पीड'चे दोन प्रकार काढले. लांब ढांगा टाकत वेग वाढवणाऱ्यांसाठी 'स्काय' आणि पावलांची गती वाढवणाऱ्यांसाठी 'एज'. 'सॉकनी एन्डॉर्फिन स्पीड'मध्ये नायलॉनची प्लेट असते. ती कार्बनपेक्षा लवचीक असल्याने दर आठवड्याच्या टेम्पो रनला सोसते. बजेट एकाच वेगवान जोडीचं असेल, तर नायलॉन प्लेटचा शूज अनेकांना जास्त उपयोगी पडतो.

हळूहळू सवय करा

या शूजमध्ये पायावरचा ताण नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. २०२३ मध्ये 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या पाच खेळाडूंच्या नॅव्हिक्युलर या पावलाच्या मधल्या हाडाला झालेल्या दुखापतींची नोंद आली. पाच जणांवरून धोका किती, हे ठरत नाही. पण हा बदल सावकाश करायला एवढं कारण पुरे.

पहिल्या आठवड्यात सोप्या रनच्या शेवटी शंभर मीटरच्या चार-सहा स्ट्राइड्स. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांचा टेम्पो. मग दोन-तीन आठवडे, आठवड्यातून एकच वेगवान वर्कआउट. मॅरेथॉन असेल तर एखाद्या लाँग रनमधले १०-१२ किलोमीटर शर्यतीच्या पेसने. बाकीचे सगळे रन रोजच्या शूजमध्ये करा, म्हणजे पोटऱ्या आणि तळव्याचे स्नायू आळसावणार नाहीत. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करत राहा. पावलाच्या वरच्या भागात, मधोमध, बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हे दुखणं 'धावता धावता जाईल' या जातीचं नसतं.

टिकणं आणि अस्सलपणा

पेबा फोम दिसायला चांगला असतानाच आतून उतरतो. टोकाचं उदाहरण द्यायचं, तर २०२३ मध्ये बर्लिनला तिगिस्त असेफाने २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला, तो १३८ ग्रॅम वजनाच्या 'अॅडिओस प्रो इव्हो १'मध्ये. तो शूज जवळपास एका मॅरेथॉनपुरताच आहे, हे आदिदासनेच सांगितलं होतं. आपल्याला मिळणारे शूज त्याहून बरेच टिकतात. तरी धावण्याच्या अॅपमध्ये त्यांचे किलोमीटर वेगळे नोंदवा, दोन-तीनशे झाले की ते टेम्पोसाठी वापरा आणि शर्यतीला ताजी जोडी ठेवा. उन्हात किंवा कारच्या डिकीत ठेवू नका, मशीनमध्ये धुऊ नका, भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.

'फर्स्ट कॉपी'च्या नादी लागू नका. निम्म्याहून कमी किमतीत ताजं मॉडेल मिळत असेल, तर आतला फोम नक्की कसला आहे, हे कुणी सांगू शकत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर अधिकृत दुकानात गेल्या वर्षीचं मॉडेल शोधा. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते आणि फोम बहुतेक वेळा तोच असतो.

शेवटी एवढंच. शूज शर्यतीच्या किमान सहा आठवडे आधी घ्या. तेवढा वेळ हाताशी नसेल तर यंदा जुन्याच शूजमध्ये पळा. आणि रोजच्या सरावाची चांगली जोडी नसेल, तर आधी ती घ्या. तिच्यावर धावलेले किलोमीटर कोणत्याही प्लेटपेक्षा जास्त मिनिटं वाचवतात.