शरणपूरची आफ्रिकन मुले



आपल्या मंडळ्यांत गुलामगिरीचा विषय निघाला की विल्बरफोर्स आणि लिंकन ही दोन नावे लगेच पुढे येतात. या अंकाच्या अभ्यासपाठात मी आपल्याला नाशिकला नेणार आहे. शरणपूर रोडवरून आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. ते 'शरणपूर' कोणाला शरण देणारे होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अमेरिकेकडे गेलेल्या गुलामांविषयी आपण वाचलेले असते. पूर्व किनाऱ्यावरचा व्यापार तितकाच क्रूर होता. न्यासा सरोवराच्या परिसरातली गावे लुटून माणसे झांजिबारच्या बाजारात आणत. तिथून ती गलबतांतून अरबस्तानाकडे व इराणच्या आखाताकडे जात. या व्यापाराला कर्जाऊ पैसा पुरवणाऱ्यांत कच्छ व गुजरातकडचे भारतीय सावकारही होते. हे आपण लपवू नये. ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडी आणि सोडवलेल्या काही लोकांना मुंबईच्या बंदरावर उतरवी. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. गाव कुठले, आईबाप कुठे, हे त्यांना सांगता येत नसे. सांगितले तरी इथे कोणाला ती भाषा कळणार?

चर्च मिशनरी सोसायटीने 1854 च्या सुमारास नाशिकजवळ शरणपूर वसवले होते. रेव्हरंड विल्यम प्राइस तिथले प्रमुख. पुढे यांपैकी बरीच मुले तिथे आली. ती वाचायला-लिहायला शिकली, तशीच सुतारकाम आणि लोहारकामही शिकली. नावे मात्र त्यांना इंग्रजी मिळाली. त्यांची जन्मनावे बहुतेक हरवली, आणि ही गोष्ट मला आजही खटकते.

डॉ. लिव्हिंग्स्टन 1865 मध्ये मुंबईस आले, तेव्हा शेवटच्या प्रवासासाठी त्यांनी नाशिकची नऊ मुले निवडली. 1872 मध्ये आणखी काही जण त्यांच्याकडे पाठवण्यात आले. जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. मे 1873 मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. दफनविधी जेकबने वाचला आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली, तीही त्यानेच. मग देह वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून सुसी, चुमा आणि इतरांनी तो सुमारे दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यावर आणला. त्याला नऊ महिने लागले. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. गुलाम म्हणून पकडलेला आणि नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

1873 हे वर्ष दुसऱ्याही कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर त्या जूनमध्ये झांजिबारच्या सुलतानाने करारावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले.

पुढे प्राइस मोंबासाला गेले. तिथे मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसले. नाशिकहून परत गेलेले लोक तिथे शिक्षक, सुतार, उपदेशक झाले. त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची सांगताना आपण चाचरतो. शिकलेल्या या माणसांना युरोपीय मिशनरी बरोबरीने वागवीत नसत. वसाहतीच्या एका गोऱ्या अधीक्षकाने तर मुक्त झालेल्यांवरच चाबूक चालवला. बाँबे आफ्रिकनांनी तक्रार केली, 1881 मध्ये चौकशी झाली आणि प्राइस यांना परत यावे लागले. माझ्या मते नागरी हक्कांचा लढा इथेच सुरू होतो, साखळी तुटल्यानंतर. अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली, पण नागरी हक्क कायदा यायला 1964 उजाडावे लागले.

आता नाशिकच्याच विल्यम जोन्स यांच्याकडे वळतो. मोंबासाजवळच्या रबाई येथील मंडळीची जबाबदारी त्यांच्यावर होती. मालकांकडून पळून आलेले शेकडो गुलाम तिथे आश्रयाला आले होते. मालक ते परत मागू लागले. 1888-89 मध्ये ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई देऊन सुमारे 1400 जणांना मुक्तिपत्रे दिली. ब्रिटिश संसदेनेही 1833 च्या कायद्याबरोबर मालकांना 2 कोटी पौंड मंजूर केले होते. गुलामांना काहीच मिळाले नाही. उलट बहुतेकांना 1838 पर्यंत त्याच मालकांकडे 'शिकाऊ' म्हणून राबावे लागले.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आपल्या कामात आहे. वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर अडकलेल्या कातकरी कुटुंबाची उचल फेडण्यासाठी देणगी पाठवू का, असे काही सभासद प्रेमाने विचारतात. त्यांना माझे उत्तर 'नाही' असेच आहे. वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्याने असे कर्ज रद्दच ठरवले आहे. ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. आपण उचल फेडली, तर पैसा पुन्हा मालकाच्याच हाती जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तो दुसऱ्या कुटुंबाला उचल देतो. कुटुंबाला प्रांत कार्यालयात नेऊन मुक्तता प्रमाणपत्र मिळवणे वेळ खाते, हेलपाटे होतात, साक्षीला कोणी उभे राहत नाही. तरीही तोच मार्ग धरावा. आपली देणगी त्या हेलपाट्यांच्या गाडीभाड्याला द्यावी, सुटून आलेल्या कुटुंबाच्या पहिल्या चार महिन्यांच्या धान्याला द्यावी आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यासाठी द्यावी. दाखल्यावर मुलाचे नाव मात्र त्याच्या आईने सांगितलेलेच लिहावे.