चि. ताईस : प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी

मुक्काम कर्जत



तुझे पत्र पोहोचले. बारावीचे यश वाचून संतोष झाला. परंतु घरबसल्या ऑनलाइन बी. कॉम. करावे, की मुंबईच्या एखाद्या नामांकित महाविद्यालयात रोज लोकलने जावे, अशा दोनच वाटा आपल्यापुढे असल्याचे जे तू लिहिले आहेस, त्याविषयी, आयुष्यभर पुस्तपालन शिकविलेला मनुष्य या नात्याने, मला चार शब्द लिहिणे प्राप्त आहे.

प्रथम तुझ्या बाबांच्या मनातले किल्मिष दूर करतो. ऑनलाइन पदवी म्हणजे दुय्यम पदवी, हा त्यांचा समज आता टिकणारा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम जारी केले आणि 2022 च्या सप्टेंबरात खुलासाही केला, की मान्यताप्राप्त संस्थेतून या मार्गाने मिळविलेली पदवी नित्याच्या पदवीशी समतुल्य मानली जाईल. तेव्हा नोकरीच्या अर्जात ती लिहिताना मान खाली घालण्याचे कारण नाही. वैद्यक, अभियांत्रिकी, विधी, परिचर्या अशा विद्यांना मात्र केवळ ऑनलाइनची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. शिरेत सुई टोचणे पडद्यावर पाहून शिकलेली परिचारिका माझ्या उशाशी नसलेलीच बरी.

हा मार्ग तसा नवाही नाही. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण 1971 मध्ये सुरू केले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले, आणि खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, कर्जतला रात्रपाळीस घाटाची जादा इंजिने जोडणारे, घरचे सारे आवरून रात्री पुस्तक उघडणाऱ्या गृहिणी, असे कितीतरी जण या वाटेने पदवीधर झालेले मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ज्यांचा दिवस आधीच दुसऱ्याकडे गहाण पडला होता त्यांच्यासाठी ती तजवीज होती. तुझा दिवस अद्याप तुझ्या मालकीचा आहे, आणि तो आपण होऊन गहाण टाकण्याची घाई तू का करावीस, हे मला उमजत नाही.

व्याख्यान ऐकणे एवढाच शिक्षणाचा अर्थ असता, तर मीही ऑनलाइनचाच कौल दिला असता. कारण आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 पासून चालविलेल्या एनपीटीईएलवर, किंवा 2017 पासून सुरू असलेल्या स्वयम् या सरकारी मंचावर जी उत्तम व्याख्याने आहेत, त्यांची बरोबरी तालुक्याच्या गावचा प्राध्यापक क्वचितच करील, आणि ती थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकण्याची सोय माझ्या विद्यार्थ्यांना असती, तर माझा घसा तरी वाचला असता. पण तेरीज जुळत नाही, असा प्रसंग घे. कीर्दीवरून खतावणी झाली, बेरजा झाल्या, आणि नावे व जमा यांत सत्तर रुपयांचा फरक आला. यंत्र सांगते, उत्तर चूक. बाकांमधून फिरणारा मास्तर सांगतो, फरकाला दोनाने भाग आणि पस्तिसाची रक्कम कोठे आहे ती शोध. मुलगी मागे जाऊन पाहते, तो गिऱ्हाइकाला दिलेली पस्तीस रुपयांची कसर तिने नावे टाकण्याऐवजी जमेला टाकलेली असते. फरक नवाने निःशेष भागला, तर 54 चे 45 असे काही आकडे उलटे पडले असावेत, अशी शंका घ्यायची. या युक्त्या पुस्तकात आहेत, ऑनलाइन धड्यातही असतील. मात्र या मुलीची लेखणी कसरीच्या नोंदीपाशी दर वेळी थबकते, म्हणजे तिची बेरीज कच्ची नसून कसर हा दुकानदाराचा खर्च आहे हेच तिला उमगलेले नाही, एवढे पाहायला तिच्या बाकाशेजारी कोणीतरी उभे असावे लागते.

2020 च्या मार्चनंतरचे टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांचे दिवस तू शाळकरी वयात अनुभवले आहेस. कडाव-कशेळेकडच्या वाड्यांतली मुले रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसत आणि पाऊस लागला की तास बुडे. ते हाल आता बरेच कमी झाले, म्हणून त्यांचे मी भांडवल करीत नाही. मला खटकले ते दुसरेच. "समजले का?" असे विचारताच "हो सर" अशा उत्तरांची रांग लागे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बहुतेकांना साधी नोंद करता येत नसे. वर्गात खोटे "हो" म्हणणाऱ्याविरुद्ध त्याचाच चेहरा साक्ष देतो. कॅमेरा बंद केला की तो साक्षीदारच नाहीसा होतो. शिक्षण दारापर्यंत यावे ही आकांक्षा थोर खरीच. सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी याच माथेरानच्या परिसरातल्या खेड्यांतून शाळा चालविल्या. पण त्यांनी खेड्यात नेला तो शिक्षक नेला.

मग मुंबईस जावे काय? मुळीच नाही. कर्जतपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे शंभर किलोमीटर, लोकलला दोन तासांहून अधिक, आणि तुला तर आधी केळवलीहून कर्जत गाठायचे. नामांकित महाविद्यालयाच्या नावासाठी रोज साडेचार-पाच तास गाडीत उभे राहून, वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलीला ना वर्गाचा लाभ ना घराचा. प्रवासातच दिवस जातो, ही ऑनलाइनवाल्यांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.

तुझ्या पत्रात जिचा उल्लेखही नाही ती तिसरी वाट मी सुचवितो. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आहे, खोपोलीला के. एम. सी. महाविद्यालय आहे, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न, दोन्हींत वाणिज्य शाखा, आणि तुमचे स्टेशन दोहोंच्या मध्ये. खोपोलीच्या गाड्या तुरळक, एखादी चुकली की फलाटावर तिष्ठत बसावे लागते, हे खरे. तरी दोहोंपैकी एका ठिकाणी नाव घाल. रात्री हवी तितकी व्याख्याने ऐक. आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून पुरे करून त्यांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. तुझ्या महाविद्यालयात तशी व्यवस्था आहे का, याची कार्यालयात खातरजमा कर. गंमत अशी, की एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रातही पंचवीस गुण घरच्या स्वाध्यायांचे आणि पंचाहत्तर गुण केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेचे असतात. म्हणजे ज्यांनी ही वाट घातली त्यांनाही विद्यार्थी समोर बसल्यावाचून शिक्कामोर्तब करवले नाही. वर्गातल्या पदवीबरोबर दुसरी ऑनलाइन पदवी घेण्यास 2022 पासून आयोगाची परवानगी आहे, पण पहिल्या वर्षी तो मोह नको.

इतक्यावरही तुमच्या दुकानाच्या हिशेबासाठी तुला घरीच ठेवण्याचा बाबांचा निश्चय असेल, तर विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या चालू वर्षाच्या यादीत स्वतः पाहिल्याखेरीज एक रुपयाही भरू नकोस, आणि बाजारपेठेतल्या कोणा मध्यस्थाच्या फ्रँचायझीत तर मुळीच नाही. आयोगाने त्याविरुद्ध 2022 मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. तशा स्थितीत आठवड्यातून एक दिवस वही घेऊन माझ्याकडे यावे, ही माझी अट.

येत्या रविवारी बाबांना घेऊन ये. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि दुकानाची गेल्या वर्षीची कीर्द बरोबर असू दे. "ताई कॉलेजात गेली तर हिशेब कोण लिहिणार?" हा त्यांचा मुख्य मुद्दा दिसतो, माझ्या अंदाजाने ते काम रोज रात्रीच्या अर्ध्या तासाचे आहे, पण कीर्द पाहिल्यावाचून तसे मी त्यांना सांगणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
मोठा काका