‘पानकाढा’ लागल्यावर

मी वर्सोव्याचा, म्हणजे खरं तर वेसाव्याचा. दिवसा नोकरी आणि रात्री मराठी विकिपीडिया. तिथं ठेचा खाऊन जे कळलं, ते असं.

१. उल्लेखनीयता म्हणजे मोठेपण नव्हे. कोळीवाड्यात आयुष्यभर होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीकाकांवर मी लेख लिहिला आणि त्याला ‘पानकाढा’, म्हणजे पान काढून टाकावं अशी सूचना देणारा साचा लागला. चर्चा पानावर मी तावातावानं भांडलो. समोरच्यानं एवढंच विचारलं, “हे कुठं छापून आलंय?” कुठंच नव्हतं. काकांशी देणंघेणं नसलेल्या कुणी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं होतं, आणि माझ्याकडे होत्या त्या गप्पा आणि चार फोटो. लेख उडाला. नियम बरोबर होता असं आज मला वाटतं. काकांवर अन्याय झाला, असंही वाटतं.

२. भांडण्याआधी कागद शोधा. गावाबद्दल लिहिताना १८८२ चं ठाणे गॅझेटियर कामी आलं. १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला वर्सोव्याचा किल्लाही कागदावर पक्का आहे. (तो आहे खाडीपलीकडे मढला. नाव मात्र आमचं!) गॅझेटियरमध्ये एक गोरा साहेब लिहून गेला म्हणून गाव टिकलं. मेस्त्रीकडे कुठला साहेब यायला?

३. नाही म्हणायला शिका. आमच्या वर्सोव्यातल्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगा असतात, आणि रांगेतल्या एखाद्याला तरी माझा हा विकिपीडियाचा उद्योग माहीत असतो. “दादा, माझं पेज बनव ना!” मालिकेत दोन प्रसंग, आणि पुरावा म्हणून पैसे मोजून छापून आणलेली मुलाखत. पोरं मेहनती असतात, वाईट वाटतं. पण जाहिरातीला संदर्भ म्हणता येत नाही.

४. काढणारेही चुकतात. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा इंग्रजी विकिपीडियाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं! पान त्याच दिवशी उभं राहिलं.

५. बोललेलं कुठं ठेवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. २०११ मध्ये अचल प्रभला आणि सहकाऱ्यांनी भारतात व दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखतीच विकिपीडियावर संदर्भ म्हणून वापरून पाहिल्या. कल्पना मला पटते, पण नियम तिथवर पोचलेले नाहीत. तोवर बोललेलं निसटत जातं. मासेमारीचं डोल जाळं पाण्याच्या कोणत्या ओढीला कुठं लावायचं हे विचारायला गेलो, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “सासऱ्यांना ठाऊक होतं. तू दोन वर्षं उशिरा आलास.”

तेव्हापासून मेस्त्रीकाकांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतो. ओळखीतल्या एका पत्रकाराच्याही मागे लागलोय, एकदा येऊन यांच्यावर लिही म्हणून. पावसाळ्यानंतर येतो म्हणालाय. काका ऐंशीच्या पुढं गेलेत.