आईचा विषाणू आणि बाळाची जनुके

एच.आय.व्ही.बाधित मातेचे मूल बाधितच जन्मते, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कोणताही औषधोपचार न झाल्यास गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान या तिन्ही काळांत मिळून शंभरांपैकी १५ ते ४५ बालकांना लागण होते. म्हणजेच निम्म्याहून अधिक बालके उपचाराविनाही सुटतात. एकाच मातेच्या दोन मुलांपैकी एकास लागण व्हावी आणि दुसऱ्यास होऊ नये, असेही घडते.

मातेच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण हे याचे सर्वांत मोठे कारण होय. तथापि तेवढ्याने सर्व उलगडा होत नाही, आणि उरलेल्या फरकाचा शोध घेताना संशोधक जनुकांपर्यंत पोहोचले.

'एचएलए' नावाची जनुके पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने घडवितात. शरीर आपले कोणते व परके कोणते हे ओळखते ते त्यांच्याच साहाय्याने. मूत्रपिंड-रोपणापूर्वी जुळणी पाहतात तीही यांचीच. बाळास यांचा अर्धा संच आईकडून व अर्धा वडिलांकडून मिळतो. मातेच्या शरीरात वर्षानुवर्षे राहिलेला विषाणू तिच्या संचाला चुकविण्यास सरावलेला असतो. बाळाचा संच आईशी फार मिळताजुळता असेल, तर विषाणूस तेथे ओळखीचेच घर लाभते. वडिलांकडून आलेला भाग निराळा असेल, तर बाळाची प्रतिकारशक्ती त्याला हेरण्याची शक्यता वाढते. नैरोबी येथील माता-बालकांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये हेच दिसून आले : साम्य जितके अधिक, तितका लागणीचा धोका अधिक. मूल आईवर गेले याचे एरवी कौतुकच होते. येथे मात्र ते साम्य नडते.

विषाणू पेशीत शिरतो ते बहुधा 'सीसीआर५' या प्रथिनाच्या दारातून. हे दार तयारच न होऊ देणारा जनुकातील बदल १९९६ मध्ये उजेडात आला. परंतु तो आई-वडील दोघांकडूनही यावा लागतो, आणि भारतीयांत तो अत्यंत दुर्मीळ आहे.

या संशोधनाचा विपर्यासही होऊ शकतो. सुटलेल्या मुलाच्या घराण्याचे रक्त चांगले आणि बाधित मुलाच्या आईत खोट, असा अर्थ कोणी काढल्यास तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. जनुके धोका थोडा वाढवितात वा घटवितात. कोणते बाळ सुटेल हे त्यांवरून सांगता येत नाही.

औषधांचा परिणाम मात्र ठाम आहे. अमेरिका व फ्रान्समधील चाचणीत झिडोव्ह्यूडिन या एकाच औषधाने लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आल्याचे १९९४ मध्ये जाहीर झाले. वेळेवर सुरू केलेल्या व नियमित घेतलेल्या आजच्या उपचारांनी ते ५ टक्क्यांच्याही खाली आणता येते. भारतात बाधित गर्भवतींना आजीवन औषधे देण्याचे धोरण २०१४ पासून अमलात आले. बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये दीर्घकाळ राहत असल्याने सहाव्या आठवड्यात विषाणूचाच शोध घेणारी तपासणी होते आणि अंतिम निदान अठराव्या महिन्यात केले जाते. केवळ प्रतिद्रव्ये आढळली म्हणून तोवर बाळास बाधित ठरविणे घाईचे होय.